अब्बांची रेहल आणि चौदा इंची मशीन

शाबान लागला की आमच्या घरी रेहलींची चौकशी सुरू होते. कुणाच्या मुलाचा कायदा संपून कुरआन सुरू झालेला असतो, कुणाच्या जुन्या रेहलीचा पाय मोडलेला असतो, कुणाला लेकीच्या जहेजात द्यायची असते. अब्बा सगळ्यांची नावे एका शाळेच्या वहीत लिहून ठेवतात. यंदा त्यांनी वही उघडली, नावे लिहिली आणि करवत हातात धरली, तर उजवा खांदा वरच जाईना. हाडांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की ओढायचे-ढकलायचे काम आता बंद. अब्बांनी वही मिटली, कपाटावर ठेवली आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आमच्या घरात बँडसॉचा विषय निघाला.

या सदरात आम्ही आजवर शिलाई मशीन, घरघंटी, इन्व्हर्टर अशा घरोघरी येणाऱ्या वस्तूंवर लिहिले. बँडसॉ तशी घरोघरी येत नाही, हे आम्हालाही कळते. पण ज्यांच्या घरात सुतारकाम आहे, निवृत्तीनंतर हाताला काम हवे असलेले वडील आहेत किंवा आयटीआय झालेला मुलगा आहे, त्यांना आमच्या दोन महिन्यांच्या पायपिटीचा उपयोग होईल, म्हणून लिहितो.

अब्बा मूळचे धोट्यांचे सुतार. सोलापुरात यंत्रमागांची घरघर ज्या वेळी गल्लोगल्ली होती, त्या वेळी धोटे, पिकिंग स्टिक असे मागाचे लाकडी भाग करणारी छोटी वर्कशॉप होती. तिथे त्यांची पस्तीस वर्षे गेली. पुढे रेपियर माग आले. त्यांना धोटा लागतच नाही. वर्कशॉप बंद झाले आणि अब्बा हत्यारांची पेटी घेऊन घरी आले. मिरजेच्या शिकलगारांची गोष्ट ते नेहमी सांगतात. तलवारींना धार लावणारी ही मंडळी. ते काम संपले तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्यांनी सतार आणि तंबोरे करायला घेतले. आज मिरजेची सतार जगभर जाते, आणि तिला लागणारे भोपळे आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूर भागातून जातात. अब्बांनी धोट्यानंतर रेहल धरली. हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतारकाम करीत, हे सहीह मुस्लिममध्ये आले आहे, याचा त्यांना फार अभिमान.

मशीन कोणते घ्यायचे हे कळण्यासाठी आधी रेहल कशी होते ते सांगायला हवे. चांगली रेहल एकाच फळीची असते. बिजागरी नाही, खिळा नाही, सरस नाही. फळीच्या मधोमध पाच बोटांची गाठ कोरतात, जशी दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवावीत तशी. ते काम पटाशीचे आणि बारीक करवतीचे. मग फळीच्या एका टोकाकडून गाठीपर्यंत आणि दुसऱ्या टोकाकडून गाठीपर्यंत ती जाडीतून चिरतात. एक इंच जाडीच्या फळीचे अर्ध्या अर्ध्या इंचाहून थोडे पातळ असे दोन पापुद्रे होतात, आणि गाठीवर फिरवले की रेहल उघडते. हे जाडीतून चिरणे म्हणजे खरी मेहनत. हातकरवतीने एका रेहलीला तास-सव्वा तास लागतो. करवत जरा तिरकी गेली की एक पापुद्रा जाड आणि दुसरा कागदासारखा. खांदा गेला तो याच कामात.

बँडसॉ म्हणजे वर-खाली दोन चाके आणि त्यांवर फिरणारा पोलादी दातेरी पट्टा. लाकूड टेबलावर ठेवून त्या पट्ट्याकडे सरकवायचे. ज्यांनी मटणाच्या मोठ्या दुकानात हाडे कापायचे मशीन पाहिले आहे, त्यांनी बँडसॉच पाहिला आहे, फक्त तो लाकडासाठी नाही. गोल करवतीपेक्षा याचे ब्लेड पातळ असते, त्यामुळे साधारण मिलीमीटरभर लाकूड भुश्यात जाते. गोल करवतीत तीन मिलीमीटरपर्यंत जाते. एका इंचातून दोन पापुद्रे काढायचे असतील तर हा फरक मोठा आहे. शिवाय बँडसॉ लाकूड खाली टेबलावर दाबते, गोल करवतीसारखे अंगावर फेकत नाही.

या मशीनचा इतिहास वाचताना एक गोष्ट सापडली, ती बहिणींसाठी मुद्दाम सांगतो. विल्यम न्यूबेरी नावाच्या इंग्रजाने १८०८ मध्येच याचे पेटंट घेतले होते, पण पट्ट्याचा सांधा टिकत नव्हता, चाकावर वाकून वाकून तुटायचा. चाळीसेक वर्षे ही कल्पना जवळजवळ कागदावरच राहिली. १८४६ मध्ये क्रेपँ नावाच्या फ्रेंच बाईंनी सांधा जोडायची रीत काढली, पॅरिसच्या पेरँ कंपनीने ती घेतली, आणि मग बँडसॉ कारखान्यांत पोचला. आजही आपण ब्लेड आणतो तेव्हा आधी तो सांधा बोटाने चाचपून बघतो.

आता दुकानाची गोष्ट.

पहिल्या दुकानात मालकाने आम्हाला विचारले, "किती इंची पाहिजे? दहा, बारा, चौदा?" आम्ही शाळेत शिकवणारी माणसे, आम्हाला वाटले की चौदा इंची म्हणजे चौदा इंच लाकूड कापणारी. तसे नाही. हा आकडा चाकाच्या व्यासाचा. ब्लेडपासून मागच्या खांबापर्यंत जी जागा मिळते ती साधारण या आकड्याएवढी किंवा थोडी कमी. लाकूड किती उंच कापले जाईल हा आकडा वेगळा, आणि तो कुणी आपणहून सांगत नाही.

अब्बांनी काही विचारले नाही. त्यांनी पिशवीतून जुनी रेहल काढली. आमच्या अम्मीची, शिसमची, सात इंच रुंद. ती मिटवून त्यांनी मशीनच्या टेबलावर कडेवर उभी केली आणि ब्लेडकडे सरकवली. दहा इंचीच्या गाईडला ती खूपच खाली अडली. तिथून ते चौदा इंचीकडे गेले. तिथेही वरच्या गाईडला टेकली. इंचभराने.

"इसमें जाती नै ये," अब्बा म्हणाले.

मालक हसला. "चाचा, चौदा इंची आहे, सगळे जाते."

"मग तूच घालून दाखव, बेटा."

त्याने घालून पाहिली, गाईड पूर्ण वर केला, तरी जाईना. मग माहितीपत्रक काढले. चौदा इंची मशीन, कापण्याची उंची सहा इंच. ओतीव लोखंडाच्या जुन्या पद्धतीच्या बहुतेक चौदा इंची मशीनची उंची हीच असते. ती फळी कडेवर उभी करूनच चिरावी लागते, म्हणजे फळीची रुंदी हीच कापाची उंची. हे आम्हाला कुठल्याही माहितीपत्रकाने सांगितले नसते, त्या जुन्या रेहलीने सांगितले. म्हणून आमचा पहिला सल्ला हाच की मशीन बघायला जाताना तुम्ही जी वस्तू करणार ती सोबत न्या. खेळणी करणार असाल तर खेळणे न्या, चौरंग करणार असाल तर चौरंगाचा पाय न्या.

मालकाने उपाय सांगितला. या जातीच्या मशीनचा खांब दोन तुकड्यांचा असतो, मध्ये बोल्टने जोडलेला. तिथे सहा इंचांचा लोखंडी ठोकळा बसवला की उंची बारा इंच होते. मग ब्लेडही लांब लागते. साधे ब्लेड साडेत्र्याण्णव इंचांचे, ठोकळा टाकल्यावर सुमारे १०५ इंचांचे. आमच्या मुलाने विचारले की ठोकळा सहा इंचांचा, मग ब्लेड बारा इंच का वाढले? आम्ही त्याला म्हटले, बघ बाळ, पट्टा वर जातो तसा खालीही येतो. दहावीच्या भूमितीचा एक तास तिथेच झाला.

दुसरा रस्ता पोलादी पत्र्याच्या चौकटीच्या नव्या मशीनचा. त्यांत दहा-बारा इंच उंची मुळातच मिळते, मोटर दीड-दोन एचपीची असते. पण किंमत आम्हाला जवळजवळ दुप्पट सांगितली. ठोकळ्याबद्दल अब्बांचे मत असे पडले की मान लांब केली की डोके हलते, म्हणजे ब्लेड ताणायला तेवढे घट्ट राहत नाही. हे खरे आहे. उंची वाढवायची तर चौकटीचा कणा भक्कम हवा, नाहीतर ब्लेड लाकडाच्या पोटात वाकते आणि पापुद्रा मधे फुगीर निघतो.

मग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका बंद कारखान्यातले जुने मशीन कुणीतरी सुचवले. चोवीस इंची, ओतीव, बटाल्याचे, वजन इतके की सहा माणसे लागावीत. भाव नव्या लहान मशीनपेक्षाही कमी. अब्बा तिथे पोचले आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांच्या वर्कशॉपमध्ये असेच होते. त्यांनी चाकाला हात लावला, रबर तपासले, बेअरिंग कानाने ऐकले, वरच्या चाकाच्या आऱ्यांना कुठे तडा आहे का ते नखाने बघितले. सगळे ठीक होते. पण चाकांवर झाकण नव्हते, आणि मोटर थ्री फेजची.

त्याच जातीच्या उघड्या मशीनवर अब्बांच्या डाव्या तर्जनीचे टोक गेले आहे. ते आता तीस वर्षांपूर्वीचे झाले. त्यांना त्याची आठवण नाही, असे ते म्हणतात. आम्हाला आहे. घरी येताना रिक्षात आम्ही काही बोललो नाही. रात्री आम्ही दोघांनी त्यांना सांगितले की अब्बा, तुम्ही म्हणाल ते मशीन आणू, फक्त ते नको. ते म्हणाले, "ते लोखंड आता मिळत नाही." आम्ही म्हणालो, बोट पण मिळत नाही. त्यावर ते हसले, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

थ्री फेजचा प्रश्न नुसता बोटाचा नाही. आमचे घर नई जिंदगीत, मागे पत्र्याची शेड. घरात सिंगल फेज. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण मोटर सुरू होताना काही क्षण कितीतरी पट जास्त करंट ओढते. म्हणून शेडपर्यंत वेगळी जाड वायर, १६ अँपियरचा सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि चांगले अर्थिंग एवढे तरी हवेच. टीव्हीच्या पिनेवरून एक्स्टेंशन ओढून मशीन चालवू नका. आणि विकण्यासाठी काम करणार असाल तर घरगुती मीटरवर चालते की नाही, हे महावितरणच्या ऑफिसात विचारून घ्या.

आता एक गोष्ट जी दुकानदार सहसा बोलत नाहीत. वनखात्याच्या भाषेत लाकूड चिरण्याच्या कारखान्याला आरागिरणी म्हणतात आणि तिला परवाना लागतो. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात ४ मार्च १९९७ रोजी महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना आरागिरण्या, व्हेनिअर आणि प्लायवुडचे कारखाने ताबडतोब बंद करण्याचा आदेश दिला होता. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत चिरलेले लाकूड किंवा प्लायवुड वापरणाऱ्या छोट्या कारखान्यांना परवान्यातून सूट आहे, पण ती देताना बँडसॉ, री-सॉ किंवा तीस सेंटीमीटरपेक्षा मोठी गोल करवत नसावी अशी अट आहे. म्हणजे बँडसॉ हा शब्दच नियमात बसला आहे. शेडमध्ये एक लहान मशीन ठेवणारा म्हातारा माणूस आरागिरणीत मोडतो का? मनाशी तर्क करण्यापेक्षा आम्ही अब्बांना घेऊन वन विभागाच्या कार्यालयात गेलो. तिथे आम्हाला विचारले की गोल ओंडके चिरणार का, बाहेरच्यांचे लाकूड चिरून देणार का, लाकूड कुठून आणणार. आम्ही लेखी दिले की ओंडके नाहीत, दुसऱ्याचे काम नाही, वखारीतून चिरलेल्या फळ्याच पावतीसह येतील. अर्जाची पोच घेतली. ही आमच्यापुरती गोष्ट. तुम्ही आपापल्या तालुक्यात विचारा, आणि पैसे भरण्याआधी विचारा. वखारीच्या पावत्या तर जपून ठेवाच. आम्ही त्या वीजबिलांच्या फाइलमध्ये लावतो.

पैशांचे बोलायचे तर दुकानदाराने लगेच हप्त्यांचा कागद पुढे केला. "बिनव्याजी आहे, सर," असे दोनदा म्हणाला. आम्ही त्याला विचारले, रोख दिले तर किती? आकडा चार हजारांनी खाली आला. मग ते चार हजार कशाचे? वाचकांनी बिनव्याजी हप्ता ऐकला की हा एक प्रश्न जरूर विचारावा. आम्ही थोडी बचत, थोडे अब्बांचे आणि बाकीचे दूल्हाभाईंकडून कर्ज-ए-हसना असे जुळवले. दूल्हाभाई म्हणत होते, घरातच लिहायचे कशाला? आम्ही लिहिले. उधारी लिहून ठेवायला सांगणारी सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे, ती काही परक्यांसाठीच नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, कागद आपांच्या डब्यात गेला.

पण कोणते घ्यायचे हे अजून ठरत नव्हते. सात इंचांसाठी दुप्पट पैसे घालायचे की ठोकळा टाकायचा, यावर घरात दोन पक्ष पडले. तेव्हा आमच्या मुलाने कपाटावरची वही काढली. गेल्या तीन रमजानांच्या नोंदी त्यात होत्या. नाव, लाकूड, रुंदी. त्याने बसून मोजले. एकशे अठरा रेहली, त्यांतल्या सात इंचांच्या किंवा मोठ्या फक्त चौदा. बाकी सगळ्या मकतबच्या मुलांसाठी, पाच ते साडेपाच इंच रुंद. आम्ही दोन महिने अम्मीची रेहल घेऊन फिरत होतो, आणि काम तर लहान रेहलींचे होते.

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग सहा इंची उंची बस झाली. मोठ्या चौदा हा करेल." हा म्हणजे त्यांचा नातू. हाताने, करवतीने.

म्हणून आम्ही तेच पहिले मशीन घेतले, ज्यात रेहल गेली नव्हती. चौदा इंची, ओतीव चौकट, एक एचपी सिंगल फेज, पुढे कधी गरज लागली तर ठोकळा बसेल असे. वस्तू सोबत न्या असे आम्ही वर लिहिले, त्यात एवढी भर घाला की सर्वांत जास्त होणारी वस्तू न्या. जी मनाला सर्वांत जवळची आहे तीच नेऊ नका.

घेताना अब्बांनी दुकानातच मशीन चालू करायला लावले. टेबलावर पाच रुपयांचे नाणे कडेवर उभे केले. चाकांचा तोल नीट असेल तर नाणे उभे राहते. पहिल्या मशीनवर पडले. दुसऱ्यावर थरथरले पण उभे राहिले, तेच आणले. मग वरच्या चाकाचे झाकण उघडून रबर नीट चिकटलेले आहे का, टेबल ब्लेडशी काटकोनात येते का, गाईड ब्लेडला न चिकटता कागदाएवढ्या अंतरावर बसतो का, हे पाहिले. ब्लेड ताणायचा स्क्रू हाताने सहज फिरला पाहिजे, कारण दिवसाचे काम संपले की ताण सैल करायचा असतो. तसे केले नाही तर रबरावर खाच पडते.

ब्लेडबाबत लोक फार चुकतात. एकच ब्लेड सगळ्याला चालत नाही. जाडीतून सरळ चिरायला अर्धा इंच रुंद आणि इंचाला तीन-चार दात, म्हणजे मोठे दात. भुसा बाहेर पडायला दातांमध्ये जागा लागते, बारीक दात लगेच भरतात आणि लाकूड जळते. रेहलीची नक्षीदार कमान कापायला पाव इंची ब्लेड, त्याने साधारण पाऊण इंच त्रिज्येचे वळण सहज घेता येते. अर्धा इंचीने अडीच इंचांपेक्षा लहान वळण घेऊ नका, ब्लेड पिळते आणि सांध्यावर तुटते. आम्ही दोन्ही दोन-दोन आणली. मशीनसोबत मिळणारे ब्लेड कसे होते ते विचारू नका, एका दिवसात काढून ठेवले.

वेगाचे गणित आम्ही वर्गात मुलांकडून करून घेतले. चाक चौदा इंची, म्हणजे परीघ सुमारे ४४ इंच. मिनिटाला ८०० फेरे धरले तर ब्लेड मिनिटाला साधारण २९०० फूट धावते, ताशी त्रेपन्न किलोमीटरच्या आसपास. बोट त्या वाटेवर आले तर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. म्हणून आमच्या शेडमध्ये काही नियम भिंतीवर लिहिले आहेत, उर्दूत आणि मराठीत. वरचा गाईड लाकडाच्या वर बोटभरच असावा, उगाच उंच ठेवला की तेवढे ब्लेड उघडे पडते. हातात मोजे घालायचे नाहीत, अंगठी काढायची, बाही वर, ओढणी नाही. शेवटचे तीन इंच हाताने नाही, काठीने ढकलायचे. गोल लाकूड टेबलावर घ्यायचे नाही, ते फिरते आणि हाताला ओढून नेते. आणि रेहल गाठीपर्यंत चिरून झाली की मशीन आधी बंद करायचे, ब्लेड थांबू द्यायचे आणि मगच फळी मागे ओढायची. चालू ब्लेडवरून मागे ओढली की ब्लेड चाकावरून उतरते. रमजानसाठी अब्बांनी स्वतः एक नियम वाढवला. रोजात असरनंतर मशीन बंद. त्या वेळी लक्ष मगरिबकडे असते.

भुश्याकडे आपण फार हलक्याने बघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकले आहे. नाकावर रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क लागतो. मशीनच्या मागे चार इंची नळीचे तोंड असेल तर तिथे धूळ ओढणारे यंत्र जोडता येते. आम्ही अजून ते घेतलेले नाही, शेडची एक बाजू उघडी ठेवतो आणि रोज पाणी शिंपडून झाडतो. सागाची धूळ अब्बांना चालते, कडुनिंबाच्या धुळीने शिंका येतात. शेजारच्या खाला बंबासाठी भुसा नेतात. त्यांच्या सुनेला बाळ आहे, म्हणून दुपारी दोन ते चार मशीन लावत नाही. आवाज शिलाई मशीनपेक्षा जास्त, मागापेक्षा पुष्कळ कमी. ज्यांनी यंत्रमागाशेजारी आयुष्य काढले त्या गल्लीने तक्रार केली नाही, पण आधी जाऊन सांगितले होते म्हणूनही असेल.

आता एक लहान रेहल चिरायला चार-पाच मिनिटे लागतात. गाठ कोरायला पूर्वीइतकाच वेळ लागतो, ते काम अब्बा बसून, खांदा न उचलता करतात. यंदाच्या वहीत सत्तर नावे झाली. त्यांतल्या सहा मोठ्या. त्या नातवाने हाताने चिरल्या. पहिल्या दोन जळणात गेल्या, तिसरीचा एक पापुद्रा जरा जाड आहे. अब्बांनी ती विकली नाही, घरीच ठेवली. तिच्यावर आता अम्मीचे कुरआन असते, आणि अम्मीची शिसमची रेहल शेडमधल्या खिळ्यावर टांगली आहे, मापाला.